एक्स्त्रेमादुरा: गिधाडांच्या मुलखात

स्पेनच्या पश्चिमेला, पोर्तुगालच्या सीमेला टेकलेला एक्स्त्रेमादुरा नावाचा प्रदेश आहे. टूर कंपन्यांच्या यादीत तो सहसा नसतो. क्षेत्रफळ पुणे जिल्ह्याच्या अडीचपटीहून जास्त आणि वस्ती जेमतेम साडेदहा लाख. मला तिथे जायचं होतं ते गिधाडांसाठी. नवऱ्याला जुन्या इमारतींचं वेड. एकाच सहलीत दोघांचं समाधान होईल असा हा मुलूख निघाला.

माद्रिदहून आधी मेरिदाला गेलो. सम्राट ऑगस्टसने इ.स.पू. २५ मध्ये निवृत्त सैनिकांसाठी वसवलेलं हे शहर. इथल्या रोमन नाट्यगृहात आजही दर उन्हाळ्यात नाटकं होतात. मला मात्र जास्त भावला तो गावाबाहेरचा ‘लोस मिलाग्रोस’ जलसेतू. ग्रॅनाइट आणि विटांचे उंच खांब, कमानी बऱ्याच पडलेल्या, आणि जवळजवळ प्रत्येक खांबाच्या माथ्यावर पांढऱ्या करकोच्यांचं घरटं. जोडीदार परतला की दोघं मान मागे टाकून चोची वाजवतात. तो खटखटाट खाली हिरवळीवर स्पष्ट ऐकू येतो. कासेरेसच्या जुन्या गावातही तेच. बुरुज असो की चर्चचा मनोरा, वर करकोचा हवाच. हे जुनं गाव १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे अर्धा दिवस मिळाला, तो कमी पडला.

त्रुहियोला मुक्काम केला. इंका साम्राज्य बुडवणारा फ्रान्सिस्को पिसारो याच गावचा. चौकात त्याचा घोड्यावरचा मोठा ब्राँझचा पुतळा आहे. पण थांबून बघावं ते त्याच चौकातल्या ‘पालासिओ दे ला कोन्किस्ता’ या वाड्याचा कोपरा. बाल्कनीच्या दोन्ही बाजूंना दगडात चार अर्धपुतळे कोरलेत. एका बाजूला पिसारो आणि इंका राजकन्या इनेस युपांकी, दुसऱ्या बाजूला त्यांची मुलगी फ्रान्सिस्का आणि तिचा नवरा एर्नान्दो. हा एर्नान्दो पिसारोचा सावत्र भाऊ, म्हणजे तिचा काकाच. वर कुलचिन्हात साखळीने बांधलेले इंका सरदार. लुटीच्या सोन्यावर उभं राहिलेलं वैभव इतक्या उघडपणे भिंतीवर मांडलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. कोरीव काम सुंदर आहे आणि ते बघताना मनाला यातना होतात. दोन्ही गोष्टी खऱ्या.

त्याच चौकावर संध्याकाळी छोटे ससाणे गिरक्या घेत होते. आफ्रिकेत हिवाळा काढून वसंतात परततात आणि जुन्या कौलांखाली, भिंतींच्या भोकांत अंडी घालतात. बाहेरच्या माळावरचे नाकतोडे हे त्यांचं अन्न. छपरांची डागडुजी करताना भोकं बुजवली की त्यांची घरं जातात. म्हणून इथल्या वसाहतींना युरोपीय कायद्याचं संरक्षण आहे. बुलरिंगच्या, म्हणजे बैलझुंजीच्या आखाड्याच्या, कौलांखालीही त्यांची वस्ती आहे. जुनी वास्तू सांभाळायची तर तिच्यातले भाडेकरूही सांभाळायचे, हा विचार मला फार पटला. आपल्याकडे वाड्याची दुरुस्ती निघाली की पाकोळ्यांचा विचार कोण करतं?

त्रुहियोहून उत्तरेला मोनफ्राग्वेकडे निघालं की दोन्ही बाजूंना ‘देएसा’ लागते. लांबून जंगल वाटतं, पण ती माणसाने शतकानुशतकं राखलेली चराई आहे. ओकची झाडं मोकळी मोकळी ठेवलेली, खाली गवत, त्यात मेंढ्या, गाई आणि काळी इबेरियन डुकरं. शरद ऋतूपासून ही डुकरं ओकची फळं खाऊन पोसली जातात. इथलं नावाजलेलं हॅम त्यांचंच. बुचाच्या ओकची साल साधारण दर नऊ वर्षांनी काढतात. नुकत्याच सोललेल्या झाडाचा बुंधा विटेसारखा तांबडा दिसतो. गाडी थांबवून हात लावून पाहिला. खालचा भाग गुळगुळीत, आणि जिथे कुऱ्हाड थांबलेली तिथे बोटभर जाड सालीचा काठ. हिवाळ्यात याच झाडांखाली उत्तर युरोपातून आलेले क्रौंच हजारोंनी उतरतात. आम्ही एप्रिलच्या शेवटी गेलो, तोवर ते परतले होते.

वाटेत एका खानावळीत ‘मिगास’ खाल्लं. शिळ्या पावाचा चुरा, लसूण आणि ला वेरा खोऱ्यातल्या धुरावर वाळवलेल्या मिरचीची पूड. चवीला थेट फोडणीच्या पोळीची बहीण! ही मिरची अमेरिकेतून इथे आली आणि आपल्याकडे पोर्तुगीजांच्या जहाजांतून, गोव्याच्या वाटेने.

मोनफ्राग्वे १९७९ मध्ये नैसर्गिक उद्यान झालं आणि २००७ मध्ये राष्ट्रीय उद्यान. सत्तरच्या दशकात इथले डोंगर खरवडून निलगिरी लावायला सुरुवात झाली होती. हेसुस गार्सोन या निसर्गअभ्यासकाने आणि त्याच्या सोबत्यांनी विरोध लावून धरला म्हणून उरलेलं रान वाचलं. ‘साल्तो देल हितानो’ या जागी रस्त्याच्या कडेलाच थांबायचं. खाली ताहो नदी, समोर सरळसोट कडा आणि त्या कड्यावर ग्रिफन गिधाडांची वसाहत. सकाळी दहाच्या आसपास ऊन तापलं तशी एकेक करून पंख उघडून हवेत उतरू लागली.

मग किल्ल्यावर चढलो. तिथे गिधाडं डोळ्यांच्या उंचीवरून जातात, काही तर पायाखालून. एक इतकं जवळून गेलं की पंखांतून जाणाऱ्या हवेची सळसळ ऐकू आली. मानेभोवतीची फिकट पिसांची लोकर, पंखांच्या टोकाची बोटांसारखी फाकलेली पिसं, आणि वळताना शेपटीची जराशी तिरकी हालचाल. पंखांचा विस्तार अडीच मीटर! काळी गिधाडं त्याहूनही मोठी. ती कड्यावर नाही, झाडावर घरटं करतात आणि वर्षाला एकच अंडं घालतात. त्यांच्या ३०० हून अधिक जोड्या या उद्यानात आहेत, जगातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी ही एक.

माझ्या आजोळी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. आता ती जागा कुत्र्यांची आहे. जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्याने भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपवली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता.

एक्स्त्रेमादुरातही मेलेली गुरं ‘मुलादार’ या ठरावीक जागी टाकण्याची रीत होती. मॅड काऊ रोगानंतर, २००२ च्या युरोपीय नियमामुळे मेलेलं जनावर माळावरून उचलून नेणं सक्तीचं झालं आणि स्पेनभर गिधाडांची उपासमार सुरू झाली. अभ्यासकांनी आणि पशुपालकांनी पाठपुरावा केल्यावर नियम सैल झाले.

आमच्या वाटाड्याला मी भारतातली कथा सांगितली. त्याला ती माहीत होती. तो म्हणाला, “तुमच्याकडे काय झालं हे सगळ्या जगाला ठाऊक असूनही २०१३ मध्ये आमच्या सरकारने तेच औषध जनावरांसाठी मंजूर केलं.” २०२० मध्ये स्पेनच्याच कॅटलोनिया प्रांतात काळ्या गिधाडाचं एक पिल्लू त्याच औषधाने मेलं. मी विचारलं, मग अजून विकतात? तो म्हणाला, “हो, विकतात.” आणि दुर्बीण पुन्हा कड्याकडे वळवून त्याने घरट्यातलं पिल्लू मला दाखवलं.