साशा, निकिता आणि पंधरा पुस्तकं

शनिवार, रात्रीचे पावणेबारा

नलिनी सिंगच्या साय-चेंजलिंग मालिकेतलं पंधरावं पुस्तक आज दुसऱ्यांदा वाचून झालं. जेवणं आटोपल्यावर ‘दोनच प्रकरणं’ म्हणून हातात घेतलं होतं. आता दिवा मालवला तरी झोप लागणार नाही, म्हणून ही वही उघडली.

बारावीच्या सुट्टीत पहिलं पुस्तक वाचलं ते लुकससाठी. बिबट्याचं रूप घेणारा, आपल्या कळपाचा प्रमुख, माणसाला जवळ घेताना जराही न संकोचणारा. त्या वयात मला तो पुरेसा होता. गोष्ट २०७९ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोतली. त्या जगात साय नावाची माणसं आहेत, मनाच्या अचाट शक्ती असलेली आणि त्याच शक्तींपायी वेड आणि हिंसेकडे ओढली जाणारी. म्हणून त्यांनी ठरवलं, मुलांच्या मनातून राग काढून टाकायचा. पण नुसता राग काही वेगळा निघेना. मग दहा वर्षं वाद घालून १९७९ साली निर्णय झाला की सगळंच काढायचं. राग, मत्सर, आनंद, माया, सगळं. त्याला ते सायलेन्स म्हणतात.

पहिल्या वेळी ही दोन पानं मी भराभर उलटली होती. या खेपेला तिथेच अडकले.

आमच्या आजोबांच्या रागाने आईचं बालपण पोळलेलं. जेवणाचं ताट भिंतीवर आपटल्याचा आवाज तिला अजून आठवतो. आपल्या घरात आवाज चढवायचा नाही, हे तिने लग्नानंतर ठरवलं आणि पाळलं. खरंच, कधी चढला नाही. पण त्या आवाजाबरोबर मोठ्याने हसणंही गेलं, रडणाऱ्याला पोटाशी धरणंही गेलं. तिलाही नुसता राग वेगळा काढता आला नाही.

म्हणून या वेळी मी सगळी पुस्तकं निकिता डंकनसाठी वाचली. निकिता म्हणजे पहिल्या पुस्तकाची नायिका साशा, तिची आई. साय लोकांवर राज्य करणाऱ्या मंडळातली एक, प्रचंड श्रीमंत, दुसऱ्याच्या मनात विषाणू पेरू शकणारी. साशाला भावना आहेत आणि त्या लपवता लपवता ती आतून मोडत चाललीय. साय लोकांची मनं एका जाळ्याला जोडलेली असतात, त्यातून तुटलं की मरण. तरी साशा ते जाळं सोडून बिबट्यांच्या कळपात जाते. तेव्हा निकिता मला दगड वाटली होती. पुढे सॅन फ्रान्सिस्कोवर हल्ला होतो, आणि ती त्याच कळपांच्या बाजूने उभी राहते. कारण विचारलं तर ती धंद्याचंच सांगेल. माझा त्यावर विश्वास नाही.

प्रेमाच्या जोड्या या मालिकेत बहुतेकदा एकेका पुस्तकात जुळून जातात. हॉक आणि सिएनासाठी दहाव्या पुस्तकापर्यंत, म्हणजे २०११पर्यंत, थांबावं लागलं, तरी त्यांचंही एकदा मार्गी लागलंच. साशा आणि तिच्या आईचं मात्र पहिल्या पुस्तकात, २००६ साली, तुटतं आणि २०१६च्या पंधराव्यापर्यंत पुरतं सांधत नाही. मधल्या पुस्तकांत कुठे एखादा फोन, कुठे कोरड्या शब्दांतली एखादी सूचना, तीही दुसऱ्याच कुणाच्या गोष्टीत. अशी गोष्ट एका पुस्तकात मावलीच नसती. मालिका लांबली असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही ते यासाठी.

मी शिकायला पुण्याला आले तेव्हा स्टँडवर आईने माझी पिशवी खिडकीतून आत दिली आणि म्हणाली, “पोचलीस की फोन कर.” बस हलेपर्यंत ती दुसऱ्याच गाडीची पाटी वाचत उभी होती. त्या दिवशी मला तिचा फार राग आला होता.

उद्या साताऱ्याला जातेय. संध्याकाळी तिचा फोन आला, किती वाजता निघणार विचारायला. साडेसहाची एसटी म्हटल्यावर “भरीत करून ठेवते” म्हणाली आणि ठेवलाच. सोळावं पुस्तक पिशवीत टाकलंय, मॉस्कोतल्या अस्वलांचं. गजर पाचचा लावलाय.