किती देते?

कोथरूडमध्ये वाढलेल्या माणसाला वेताळ टेकडीचा एक भाग ‘एआरएआय टेकडी’ या नावानेच ओळखीचा असतो. सकाळी फिरायला जाणाऱ्यांना तिथे मोर दिसतात, संध्याकाळी खाली पसरलेले शहर दिसते, आणि कुंपणापलीकडे १९६६ साली स्थापन झालेली ती वाहनसंशोधन संस्था असते, जिने प्रमाणित केलेला ‘लिटरला इतके किलोमीटर’ हा आकडा देशभरातल्या गाड्यांच्या माहितीपत्रकांत छापून येतो. बाबा या टेकडीच्या पायथ्याशीच राहतात, पण त्या आकड्यावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. तो आकडा परीक्षेच्या गाडीचा असतो, आपल्या गाडीचा आपणच काढायचा असतो, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी चेतक स्कूटरच्या डिकीत एक खिशात मावणारी डायरी आणि दोरीने बांधलेली पेन्सिल कायम असे. पाहुण्यांच्या नव्या गाडीला पेढा मिळायच्या आधी ‘किती देते?’ हा प्रश्न मिळत असे.

त्यांच्या मुलाने कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स या गावात राहून असे वाहन घेतले आहे की ज्याला असा छापील आकडाच नाही. ते पिकअप ट्रक या जातीचे आहे, आणि त्यातही ‘हेवी ड्युटी’ या वजनदार पोटजातीचे. फोर्डचा एफ-२५०, शेवरोलेचा सिल्व्हराडो २५०० आणि रॅम २५०० हे तिचे तीन प्रसिद्ध सदस्य. माझा यांपैकी कोणता ते मुद्दामच सांगत नाही, कारण ते सांगितले की इथल्या लोकांशी चर्चा ॲव्हरेजची न राहता घराण्याची होते. बाबा त्याला टेम्पो म्हणतात. आठ सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे, आणि त्यातल्या एकेका सिलिंडरात जुन्या मारुती ८०० चे अख्खे इंजिन मावावे एवढा त्याचा आकार आहे. रिकाम्या गाडीचेच वजन तीन टनांहून अधिक भरते आणि टाकीत सुमारे १३० लिटर पेट्रोल मावते. एवढा खटाटोप कशासाठी, तर आम्हाला उन्हाळ्यात चाकांवरचे एक छोटे घर, म्हणजे तीन टनांचा ट्रेलर, मागे जोडून डोंगरांत फिरायला आवडते. डिझेलचे इंजिन घेतले असते तर ओढताना ॲव्हरेज नक्कीच बरे मिळाले असते. पण त्यासाठी सुमारे दहा हजार डॉलर आधी मोजावे लागतात, आणि एरवीच्या तीन-चार मैलांच्या फेऱ्या त्या इंजिनाच्या धूर गाळणाऱ्या यंत्रणेला मानवत नाहीत. म्हणून पेट्रोल.

अमेरिकेत १९७५ च्या ऊर्जाविषयक कायद्यापासून नव्या मोटारीच्या काचेवर ती गॅलनला किती मैल जाते याची चिठ्ठी लावावी लागते. मात्र मालासकट कमाल वजन ८,५०० पौंडांहून, म्हणजे साधारण ३,८५० किलोंहून जास्त असेल, तर पिकअपला या चिठ्ठीतून सूट आहे. मूळ कल्पना अशी की एवढी अवजड गाडी कामासाठीच घेतली जाणार, आणि काम कोणते यावर सारे अवलंबून असल्यामुळे एका आकड्याला अर्थ उरणार नाही. हे तर्कशुद्ध आहे, पण विक्रेत्याच्या दारात उभ्या असलेल्या त्या चकचकीत गाडीच्या काचेवर किंमत होती, रंगाचे नाव होते, बसायच्या गाद्या कशाच्या आहेत तेही होते, आणि जो आकडा शोधत माझी नजर सवयीने फिरत होती तो नव्हता, तेव्हा मला टेकडीची आठवण झाली.

पहिल्या महिन्यात बाबांनी फोनवर विचारले आणि मी बारा म्हणून मोकळा झालो. त्यांना ते थोडे कमी वाटले, पण एवढ्या मोठ्या गाडीला चालेलसे वाटले. मग मी प्रामाणिकपणे खुलासा केला की हे बारा मैल आहेत आणि ते गॅलनला आहेत, मैल १.६ किलोमीटरचा आणि इथला गॅलन ३.७८५ लिटरचा, त्यामुळे आपल्या हिशेबात ते लिटरला पाच किलोमीटर होतात. पलीकडे बराच वेळ शांतता होती. “अरे, लाल डबा पन्नास माणसं घेऊन जवळजवळ तेवढंच देतो,” असे ते अखेर म्हणाले, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. डायरी मी त्याच आठवड्यात सुरू केली.

पद्धत बाबांचीच. टाकी पूर्ण भरायची, ओडोमीटर लिहून ठेवायचा, पुन्हा पूर्ण भरायची, आणि मधल्या मैलांना दुसऱ्या भरण्यातल्या गॅलनांनी भागायचे. हे वाटते तितके सरळ नाही. नोझल टाकी भरल्यावर आपोआप खट् करून थांबते, पण नेमके कुठे थांबेल हे पंपाचा जोर, जमिनीचा उतार आणि नळी किती आत गेली आहे यांवर ठरते, आणि एवढ्या मोठ्या टाकीत त्यामुळे अर्ध्या गॅलनचा फरक सहज पडतो. वीस गॅलनांत २४० मैल झाले असतील तर ॲव्हरेज १२ येते. अर्धा गॅलन कमी बसला तर ११.७ चे काम केलेली गाडीही १२ ची दिसते. त्यामुळे एकाच पंपावर, एकाच दिशेला तोंड करून, पहिल्या खट्‌ला थांबायचे हा माझा नियम आहे. एका भरण्यावर मात्र कधी आनंद किंवा शोक करायचा नाही. आज अर्धा गॅलन कमी बसला तर तो पुढच्या वेळी जास्त बसतो, आणि दहा-बारा भरण्यांत ही उधारउसनवार आपोआप मिटते.

समोरच्या पडद्यावर गाडी स्वतःही आपले ॲव्हरेज दाखवते. ते डायरीपेक्षा नेहमी अर्ध्या मैलाने चांगले असते. इंजेक्टरमधून किती इंधन गेले असावे याच्या अंदाजावरून ते काढलेले असते, आणि स्वतःबद्दलचा अंदाज कोणाचाही थोडा चढाच असतो, असे समजून मी ते सोडून दिले आहे. ओडोमीटरने मात्र मला खरोखर फसवले. जुने टायर झिजल्यावर मी थोडे मोठे टायर बसवले आणि ॲव्हरेज एकदम घसरले. महिनाभर मी पेट्रोलला, हवेला आणि स्वतःच्या उजव्या पायाला दोष दिला. मग एका रविवारी महामार्गाच्या कडेचे मैलांचे फलक मोजत गेलो, तेव्हा उलगडा झाला. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते, पण गाडीला ते ठाऊक नसते. शंभर मैल चालूनही ती सत्त्याण्णवच कबूल करत होती. तेव्हापासून डायरीत तीन टक्क्यांचा एक दुरुस्तीचा रकाना आहे.

पण वाऱ्याने जे शिकवले ते कोणत्याही रकान्यात बसणारे नव्हते. आम्ही ट्रेलर जोडून यलोस्टोनला निघालो होतो. फोर्ट कॉलिन्सहून वायोमिंगमधल्या लॅरमीला जायचे, तिथून आय-८० या महामार्गाने शंभरेक मैल पश्चिमेला रॉलिन्स, आणि मग उत्तरेला वळायचे, असा रस्ता. लॅरमी सुमारे ७,२०० फुटांवर आहे आणि रॉलिन्स त्याहून थोडे खालीच. म्हणजे नकाशावरून पाहता हा पट्टा सोपा दिसतो. प्रत्यक्षात एल्क माउंटनच्या आसपासचा तो भाग वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे; रिकामे मालट्रक उलटू नयेत म्हणून रस्ता त्यांना बंद करावा लागतो, आणि तो वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडूनच येतो. लॅरमीला टाकी भरली आणि रॉलिन्सला पुन्हा भरली. चौदा गॅलनांहून अधिक पेट्रोल बसले. गॅलनला सात मैल, म्हणजे लिटरला तीन किलोमीटर. टाकी गळते आहे की काय म्हणून मी गाडीखाली वाकून पाहिले.

गळत काहीच नव्हते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो वेग रस्त्याशी नव्हे तर हवेशी मोजायचा असतो. मी ताशी ६५ मैलांनी जात होतो आणि समोरून ३० मैलांचा वारा होता. म्हणजे हवेच्या लेखी मी ९५ ने धावत होतो, आणि अडथळा दुपटीहून जास्त झाला होता. वर मागचे ते सपाट तोंडाचे घर. परतताना तोच वारा पाठीशी होता आणि त्याच शंभर मैलांना गॅलनला अकरा मैल मिळाले. मी खुशीत बाबांना फोन करून सांगितले की जाताना सात आणि येताना अकरा, सरासरी नऊ पडली. त्यांनी कागदही न घेता चूक काढली. जाताना १४.३ गॅलन गेले, येताना ९.१, एकूण २०० मैलांना २३.४ गॅलन, म्हणजे सरासरी साडेआठ, नऊ नव्हे. जाताना एका वेगाने आणि येताना दुसऱ्या वेगाने चालणाऱ्या माणसाचे जे गणित आम्हाला सातवीत असायचे तेच हे गणित होते, आणि मी सातवीत जी चूक करत असे तीच पुन्हा केली होती. समोरचा वारा जेवढे लुबाडतो तेवढे पाठीमागचा वारा परत देत नाही, हे मात्र मला सातवीत कोणी सांगितले नव्हते.

डोंगराचा हिशेब त्यामानाने सरळ आहे. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा सुमारे अकरा हजार फुटांवर आहे आणि आमचे गाव पाच हजारांवर. ट्रक आणि ट्रेलर मिळून साडेसहा टनांचे ओझे नुसते एवढे वर उचलायलाच, इंजिन पेट्रोलमधली तीस टक्के ऊर्जा चाकांपर्यंत पोचवते असे धरले तर, तीन गॅलनांहून थोडे जास्त लागते; रस्ता कापायचा खर्च वेगळा. त्यातले काही उतारावर परत मिळते, म्हणून घाटाचे ॲव्हरेज नेहमी जाऊन-येऊनच मोजावे. उतारावर बाबा स्कूटर न्यूट्रल करत आणि कात्रजच्या घाटात तर इंजिनच बंद करत. ही काटकसर आता उलटी ठरते. गाडी गियरमध्ये ठेवून पाय उचलला की आजची इंजेक्शनची इंजिने उतारावर इंधन पूर्ण तोडतात, आणि न्यूट्रल केले तर इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जळत राहते. हे त्यांना पटवायला मला दोन रविवार लागले.

पत्नीने गेल्या वर्षी गॅलनला ३० मैल देणारी जुनी गाडी देऊन ४८ देणारी हायब्रिड घेतली, आणि घरातल्या पर्यावरणाच्या सर्व चर्चा त्या दिवशी संपल्या. मी एकदाच तोंड उघडले. ट्रेलर ओढताना मी ७० ऐवजी ६२ च्या वेगाने जाऊ लागल्यावर साडेआठाचे साडेनऊ झाले होते. एका मैलाची ही वाढ कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण शंभर मैलांना ११.८ गॅलन लागत होते तिथे १०.५ लागू लागले, म्हणजे सव्वा गॅलन वाचला. आणि ३० वरून ४८ वर गेल्याने शंभर मैलांमागे वाचतो तोही सव्वा गॅलनच. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोघांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हाच दृष्टिभ्रम मांडला होता, आणि २०१३ सालच्या गाड्यांपासून काचेवरच्या चिठ्ठीत शंभर मैलांना लागणारे गॅलनही छापले जाऊ लागले. पत्नीने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले की मग ट्रेलर नसताना काय. तिथे माझी बाजू लंगडी पडते.

कारण ट्रेलर वर्षातून मोजके आठवडेच जोडला जातो. उरलेल्या काळात डायरीच्या शेऱ्याच्या रकान्यात ‘किराणा’, ‘बर्फ, दहा मिनिटे उभी’ आणि ‘कोणाचा तरी सोफा’ असे लिहिलेले असते. हिवाळ्यात तर हे आकडे पाहवत नाहीत. अमेरिकन सरकारची माहिती सांगते की उणे सात अंश सेल्सिअसला साध्या पेट्रोल मोटारीचे शहरातले ॲव्हरेज पंचवीस अंशांच्या तुलनेत सुमारे १५ टक्क्यांनी उतरते, आणि तीन-चार मैलांच्या फेऱ्यांत ते २४ टक्क्यांपर्यंत उतरू शकते; थंड तेल घट्ट असते आणि इंजिन तापेपर्यंत दुकान येते. भाद्रपदात मराठी मंडळाचा गणपती शाळेच्या सभागृहात बसतो, तेव्हा मखर, समया आणि बारा ढोल नेण्यासाठी सगळ्यांना माझी आठवण होते. ‘गणपती’ असा शेरा असलेले भरणे दरवर्षी गॅलनला साडेनवाच्या आसपास येते, आणि तेवढे एक मी सरासरीतून कधी वगळत नाही. सगळे मिळून ४१ हजार मैलांना ३,३४० गॅलन, म्हणजे लिटरला पाच किलोमीटर आणि वर दोन दशांश.

गेल्या उन्हाळ्यात बाबा आले. पहिल्याच दिवशी त्यांनी डायरी मागून घेतली, चष्मा वर करून पानन्‌पान पाहिली आणि दोन ठिकाणी भागाकार दुरुस्त केले. मग आम्ही पंपावर गेलो. नोझल खट् करून थांबले, मी नियमाप्रमाणे ते काढू लागलो, तेवढ्यात त्यांनी मला हाताने थांबवले. स्कूटरची टाकी भरताना ती दोन्ही बाजूंना हलवायची, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते आणि आणखी थोडे पेट्रोल बसते, हा त्यांचा पन्नास वर्षांचा शिरस्ता. त्यांनी दोन्ही तळवे ट्रकच्या मागच्या कडेला टेकवले, एक पाय मागे घेतला आणि जोर लावला. तीन टनांच्या त्या धुडाने दाद दिली नाही. शेजारच्या पंपावरचा टोपीवाला गृहस्थ आदराने पाहत राहिला. बाबांनी हात झटकले, डायरी उघडली आणि गॅलनांचा आकडा मराठीत लिहिला. त्या दिवशीच्या शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरात आहे: ‘हलवून भरली.’