अजब बंगल्यातला आपला 'ग'

काटोल तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून नागपूरला सहल न्यायची म्हणजे पहिली अडचण तारखेची. सोमवारी मध्यवर्ती संग्रहालय बंद. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की सिव्हिल लाइन्समध्ये जागोजागी बॅरिकेड्स, एसटी उभी करायला जागा मिळत नाही. म्हणून आम्ही जानेवारीतला बुधवार धरला. शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, पण त्याआधी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि प्रत्येक पालकाचं संमतिपत्र हातात लागतं. दोन्हींना वेळ लागतो, महिनाभर आधीच सुरुवात केलेली बरी. सहावी-सातवीची ३८ मुलं, दोन सर, दोन मॅडम. शिदोरी घरूनच.

वाटेत जुनापाणीला थांबलो. काटोल रोडवर, नागपूरच्या अलीकडे, सुमारे तीनशे शिळावर्तुळं आहेत तिथे. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या, लोखंड वापरणाऱ्या लोकांची ही दफनं. मोठाले काळे दगड गोल मांडलेले, मधे गोट्यांची भर. आम्ही वीस मीटरची सुतळी नेली होती, दर मीटरला गाठ मारलेली. एकाने एका दगडाशी टोक धरायचं, दुसऱ्याने समोरच्या दगडापर्यंत जायचं, आणि तीन वेगळ्या दिशांनी मोजायचं. एकदाच मोजलं तर चुकतं, कारण वर्तुळ अगदी गोल नसतं आणि दगड सरकलेलेही असतात. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. ते बोटाने मोजताना मुलं जी शांत झाली, ती शांतता वर्गात कधी मिळत नाही.

१८६७ साली रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने यातली काही वर्तुळं खणली. सापडलेल्या वस्तू लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. हे मुलांना इथेच सांगितलं. नाहीतर संग्रहालयात गेल्यावर 'जुनापाणीचं सामान कुठाय?' म्हणून शोधत बसतात आणि हिरमुसतात.

अजब बंगल्यात पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. १८६३ सालचं हे संग्रहालय. नागपूरकर आजही त्याला अजब बंगलाच म्हणतात, आणि मुलांनाही त्याच नावाने सांगावं. सरकारी नावाने त्यांना काही दिसत नाही.

इथे सगळ्या शाळांची एकच चूक होते. दारातून रांग आत शिरते, पेंढा भरलेल्या प्राण्यांपाशी गर्दी करते आणि तासाभरात सगळी दालनं 'करून' बाहेर येते. आधीच्या वर्षी आमचंही तेच झालं होतं. परतल्यावर वहीत फक्त वाघ. यंदा दहा-दहाचे गट केले, शेवटचा आठांचा. प्रत्येक गटाला चारच वस्तू, प्रत्येक वस्तूपाशी पंधरा मिनिटं. आधी पाच मिनिटं न बोलता बघायचं, मग चित्र, मग प्रश्न. हातात पेन्सिलच. पेनची शाई उडाली तर दगडावरून निघत नाही. हातही लावायचा नाही, कारण हाताचं तेल आणि घामातलं मीठ दगडात मुरतं.

आमच्या गटाच्या वाट्याला शिलालेख आला होता. माळव्याचा परमार राजा नरवर्मा याचा, नागपूर प्रशस्ती म्हणून अभ्यासक ओळखतात तो. संस्कृत भाषा, नागरी लिपी, विक्रम संवत ११६१. इसवी सन काढायला संवतातून ५७ वजा करायला सांगितले, तर मुलांनी ११०४ काढलं आणि दोघांनी पुन्हा करून बघितलं. मला वाटलं होतं, दगडावर नुसती अक्षरं बघून दहा मिनिटांत कंटाळतील.

तेवढ्यात एक पोरगी काचेला नाक लावल्यागत वाकली आणि ओरडली, "सर, हा तं आपलाच 'ग' हाय न जी!"

मग कोणी जागचं हलेना. म सापडला, न सापडला, र सापडला. वहीत ओळखीची अक्षरं उतरवायची आणि अनोळखी खुणेला प्रश्नचिन्ह, एवढंच सांगितलं. घोटाळा दोन ठिकाणी झाला. त्या काळच्या नागरीत एकाराची मात्रा पुष्कळदा डोक्यावर नसते, अक्षराच्या डावीकडे उभ्या रेघेसारखी येते. मुलं ती आधीच्या अक्षराचा काना म्हणून वाचत होती आणि 'मे' फुटून भलतंच होत होतं. याला पृष्ठमात्रा म्हणतात. वहीवर दोन्ही तऱ्हेने लिहून दाखवल्यावर चटकन कळलं. दुसरं, ब आणि व एकाच खुणेने लिहिलेले. कोणता कुठला, ते शब्दावरूनच ठरवायचं, आणि शब्दांमधे जागाच सोडलेली नाही. नववी-दहावीची मुलं असती तर संस्कृत शब्द तोडायला दिले असते. सातवीला अक्षरं पुरेत.

अक्षरं नीट दिसायला उजेड समोरून नको, बाजूने हवा. तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून मोबाईलचा टॉर्च दगडाच्या कडेला तिरपा धरला, तशी खोदलेल्या रेघेत सावली पडली आणि पुसट ओळीही वर आल्या. फ्लॅश मात्र वापरू दिला नाही. पंधरा मिनिटांऐवजी पन्नास मिनिटं गेली, चौथी वस्तू राहिली. राहू दिली.

येताना तिघांना गाडी लागली. लिंबू आणि प्लास्टिकच्या पिशव्या मॅडमनी पुढच्या सीटवरच ठेवल्या होत्या.

शनिवारी मुलांनी गावात मारुतीच्या पारामागचा दगड दाखवला, यावरही अक्षरं असतील म्हणून. शेंदराचा जाड थर होता. एकजण खिळा घेऊन आला होता, त्याला आधी थांबवलं. खरवडलं की कोरीव कामही जातं, आणि गावाची श्रद्धा आहे ती वेगळीच. संध्याकाळी अंधार पडताना टॉर्च तिरपा धरला. अक्षर एकही नाही. वरच्या कडेला सूर्य आणि चंद्रकोर, खाली घोड्यावरचा माणूस. लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीला असा दगड उभारत, त्याला वीरगळ म्हणतात. मुलांनी वितीने मोजून चित्र काढलं, वहीत तारीख घातली आणि खाली लिहिलं, 'अक्षरं नाहीत. वीरगळ असावा.'