कर्व्ज करून पाठव

आमच्या दुकानाच्या पाटीवर अजून 'प्रिंटिंग प्रेस' असं लिहिलेलं आहे. आत प्रेस नाही. मधल्या काळात आम्ही डीटीपीवाले झालो, फ्लेक्सवाले झालो, आता व्हिडिओंची उपशीर्षकं करतो आणि वेबसाइटींचं मराठी बघतो. पण पाटी बदलायचा विषय काढला की बाबा म्हणतात, "पत्ता विचारणाऱ्यांनी काय करायचं?" गोव्यातल्या डिचोलीच्या बस स्टँडवर उतरून प्रेस कुठे म्हणून विचारलं तर लोक आमच्याकडे बोट दाखवतात. तेव्हा पाटी आहे तशी आहे.

बाबांनी पायाने चालवायचं ट्रेडल मशीन माझ्या जन्माआधी घेतलं, तेही कुणाकडून तरी वापरलेलं. माझ्या लहानपणी दुकानाला शाईचा आणि खिळे, म्हणजे छपाईची सुटी शिशाची अक्षरं, पुसायच्या रॉकेलचा वास यायचा, आणि सगळ्यावर खाणीच्या ट्रकांची लाल धूळ असायची. शाळा सुटली की माझं काम ठरलेलं. छापून झालेला फर्मा, म्हणजे जुळवलेलं पान, सोडायचा आणि एकेक खिळा आपापल्या खान्यात परत टाकायचा. लाकडी केसमध्ये काना कुठे, वेलांटी कुठे, हे माझ्या बोटांना पाठ होतं. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे उलटं वाचायलाही मी तेव्हाच शिकले. शाळेत त्याचा काही उपयोग झाला नाही.

जत्रांच्या मोसमात आमच्याकडे अर्धा त संपायचा. जत्रोत्सव, कालोत्सव, वर्धापनोत्सव, महोत्सव, ज्या त्या हस्तपत्रकात 'त्स'. चार गावांची हस्तपत्रकं एकदम बांधलेली असली की पाचव्या गावाला अर्धा त शिल्लक राहत नसे. मग बाबा त्या गावच्या मंडळींना पटवायचे, "उत्सव कशाला? सरळ जत्रा म्हणा. लोकांना लगेच कळतं." मंडळी मान डोलवायची. खरं कारण त्यांना कधी कळलं नाही.

१९९९मध्ये ट्रेडल वजनावर भंगारात गेलं आणि त्या जागी संगणक आला. एक केस तेवढी बाबांनी माळ्यावर ठेवली. तेव्हा डिचोलीत छपाईचं काम म्हणजे मुख्यतः खाणीचं काम. ट्रकमालकांची बिलबुकं, ट्रिपशीटं, पेट्रोलपंपाच्या उधारीच्या चिठ्ठ्या. लग्नपत्रिका आणि नाटकांची हस्तपत्रकं वरकड. (आमच्याकडे काउंटरवर बोलणं कोकणीत आणि हस्तपत्रक मराठीत. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं, आम्हाला ते नवल का वाटतं याचं वाटतं.) मी अकरावीत गेले तेव्हा सरकारच्या सायबरएज योजनेतून घरी स्वतःचा संगणक आला आणि मी कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर बसू लागले. बी.कॉम. होईपर्यंत दुकानातलं निम्मं डिझाइन माझ्याकडे होतं.

मोठी कामं आम्ही म्हापशाच्या एका ऑफसेटवाल्याकडे पाठवायचो. फाइल पाठवली की तिकडून फोन यायचा, "कर्व्ज करून पाठव." या धंद्यातल्या कुणालाही हे वाक्य नवीन नाही. सगळा मजकूर निवडायचा, कंट्रोल क्यू दाबायचा, की अक्षरांच्या आकृत्या होतात. मग समोरच्याकडे तो फॉन्ट असो नसो, दिसायचं ते तसंच दिसतं. कर्व्ज न करता पाठवलं तर तिकडे उघडणार इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टिंबं आणि रेघा असलेली, काहीच अर्थ न लागणारी. कारण त्या जुन्या फॉन्टांमध्ये देवनागरी अशी नसायचीच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे. संगणकाच्या लेखी मी आयुष्यभर इंग्रजीच टाइप करत होते, फक्त ती वेडीवाकडी इंग्रजी मला मराठी दिसत होती.

आणि कर्व्ज केल्यावर तर तीही भाषा उरत नाही. नाटकाची वेळ बदलली, आठाचे साडेनऊ झाले, तरी त्या फाइलमध्ये आठ हा आकडा नसतो, आठासारखी दिसणारी एक आकृती असते. मूळ फाइल हरवली असेल तर पुन्हा पहिल्यापासून टाइप करा. आमची मूळ फाइल नेहमी हरवलेलीच असायची.

२०१२च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. आधी राज्य सरकारचा आदेश, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा. रस्ता इतका शांत झाला की दुकानाच्या काचेवर धूळ बसेना, आणि आईला त्याचंच वाईट वाटायचं. ट्रक उभे, तर बिलबुकं कोण छापणार? त्या दिवाळीपर्यंत एकही मोठी ऑर्डर आली नाही. उधारी अडकली ती वेगळी, आणि ज्यांचे ट्रकांचे हप्ते थकले होते त्यांच्याकडे मागायला तोंड होत नव्हतं.

राहिली हस्तपत्रकं. म्हणून त्यांत चूक होणं परवडणारं नव्हतं, आणि नेमकी तेव्हाच झाली. एका गावच्या मंडळाची हजार हस्तपत्रकं. त्यांच्या मुलाने मजकूर मोबाइलवरून पाठवला होता, तो मी पहिल्यांदाच युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःच्या जागा असलेल्या पद्धतीत, कॉपी करून घेतला. छापून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाचे खजिनदार आले, निवृत्त मराठी मास्तर. हस्तपत्रक काउंटरवर ठेवलं, त्यावर लाल पेनाने सहा गोल. "हें कितें रे छापलें?" बाबांना विचारलं, माझ्याकडे बघून. 'दुसऱ्या दिवशी' मधला रफार सरळ य च्या डोक्यावर जाऊन बसला होता. 'पुजाऱ्यांच्या हस्ते', 'गावकऱ्यांच्या सहकार्याने', प्रत्येक ठिकाणी तेच. 'सहकार्याने' मध्ये रफार डोक्यावर बरोबर असतो, 'गावकऱ्यां'मध्ये तो पुढे लोंबायला हवा, आणि छापील ओळीत दोन्ही एकसारखे. मास्तर म्हणाले, "आचार्याला वंदन आणि आचाऱ्याला पैसे, यांत फरक आहे की नाही बाई?" पैसे त्यांनी निम्मे दिले. ते बरोबरच होतं.

खिळ्यांत हा घोळ कधी नव्हता. तो लोंबणारा रफार एक वेगळा खिळा होता, त्याचं खानं मला माहीत होतं. संगणकात त्याचं खानं कुठे, हे डिचोलीत सांगणारं कुणी नव्हतं.

पणजीत एका कॉलेजच्या वर्गात मोकळ्या, म्हणजे कुणीही वापरावं आणि बदलावं अशा, सॉफ्टवेअरवाल्या मुलांची बैठक असते असं कॉलेजातल्या एका मैत्रिणीने सांगितलं. रविवार होता. कदंबच्या बसने गेले, पर्समध्ये पेनड्राइव्ह आणि मास्तरांचे लाल गोल असलेलं हस्तपत्रक. पंधराएक जण, सगळ्यांपुढे लॅपटॉप, बोलणं इंग्रजीत. दीड तास मी तोंड उघडलं नाही. चहाला बाहेर आल्यावर एकाला म्हटलं, "मराठी नीट येत नाही हो कॉम्प्युटरवर." तो हसेल असं वाटलं होतं, पण तो हसला नाही. विचारलं, कुठला फॉन्ट? कुठलं सॉफ्टवेअर, कितवी आवृत्ती? काय टाइप केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं? मला यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. त्याने हस्तपत्रक मागितलं, लाल गोल बघितले आणि म्हणाला, "हे तर कुणीतरी आधीच बग रिपोर्ट, म्हणजे चुकीची नोंद, लिहून दिलाय."

उत्तर साधं होतं. युनिकोडमध्ये टिंब असलेला ऱ वेगळा आहे. तो, मग हलन्त, मग य, असं दिलं की रफार लोंबतो. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्डवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश. मंडळाच्या मुलाने मजकुरात साधा र दिला होता. चार कळांसाठी हजार हस्तपत्रकं.

त्यानंतर वर्षभर मी महिन्यातला एक रविवार पणजीत घालवला. इंकस्केप हे डिझाइनचं मोकळं सॉफ्टवेअर शिकले, कारण त्यात अक्षर अक्षर राहतं. फाइल उघडून बघितली तर आत चक्क मराठी वाक्य वाचता येतं. अक्षरं जोडून दाखवण्याचं काम हार्फबझ नावाचा एक प्रोग्रॅम करतो आणि ते नाव फारसी आहे, मोकळं अक्षर अशा अर्थाचं, हेही तिथेच कळलं. आपल्याकडे 'हरफ काढला नाही' म्हणतात, त्यातलाच हा हर्फ. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर २००२मध्ये लोकांनी वर्गणी काढून, एक लाख युरो जमवून मोकळं केलं, ही गोष्ट मी घरी सांगितली तर बाबांना फार आवडली. जत्रेच्या वर्गणीसारखंच, म्हणाले. पण त्यांचा मूळ प्रश्न कायम राहिला, "फॉन्ट फुकट दिला तर करणारा खातो काय?" 'मुक्त', 'बलू' असे मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्यांचे फॉन्ट आम्ही रोज वापरतो, त्यांचा परवाना मी बाबांना वाचून दाखवला. वापरा, बदला, वाटा, पुस्तक छापून विका, पण नुसता फॉन्ट तेवढा विकू नका. बाबा म्हणाले, "म्हणजे खिळे उसने, छपाई आपली." इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

एक कबुली इथेच देते. एका मोकळ्या फॉन्टमध्ये 'विठ्ठू' लिहिलं की खालचा ऊकार कापला जायचा. ठ खाली ठ, त्याखाली ऊकार, जागाच पुरायची नाही. आमच्याकडे साखळीपासून सगळीकडे विठोबा, हा शब्द टाळणार कसा? मी चित्र काढून, आवृत्ती लिहून, काय हवं आणि काय दिसतं ते लिहून कळवलं. इंग्रजी तीनदा तपासली. पुढची आवृत्ती यायला काही महिने गेले, त्यात ऊकार पूर्ण दिसत होता. त्या दिवशी मी दुकानात 'विठ्ठू' चा पूर्ण पानाचा प्रिंट काढून भिंतीला लावला. गिऱ्हाइकांना वाटायचं, हिला भक्ती लागली.

आता थोडं जुनं. १५५६ साली भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला, हे आम्हा प्रेसवाल्यांना पाठ असतं. पण १६१६मध्ये रायतूरला फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' छापलं, अस्सल मराठी ओव्या, आणि त्या रोमन अक्षरांत, हे मला पूर्वी नुसतं नवल वाटायचं. कारण साधं होतं, देवनागरी खिळे नव्हते. १६०८च्या एका पत्रात त्याने हिशेब मांडला होता, युरोपच्या लिपीला चोवीस साचे पुरतात आणि इथल्या लिपीला सहाशे लागतात. मी कोरलवर बसून इंग्रजीच्या जागांवर मराठी टाइप करत होते तेव्हा त्याच अडचणीतून जात होते. आमच्याकडे अर्धा त संपायचा, त्याच्याकडे सगळंच नव्हतं.

धंद्याला वळण मिळालं ते उपशीर्षकांमुळे. इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४पासून गोव्यात आहे, पण डिचोलीहून रोज संध्याकाळी जाणं जमत नसे. २०१४ला पहिल्यांदा पास काढला. सिनेमे काय पाहिले ते आठवत नाही, मी खालच्या ओळीच बघत होते. कुठे तुटतात, किती वेळ थांबतात. घरी येऊन एक एसआरटी फाइल, म्हणजे उपशीर्षकांची फाइल, नोटपॅडमध्ये उघडली. एक आकडा, खाली सुरू व्हायची आणि संपायची वेळ, खाली वाक्य, मग एक ओळ मोकळी. बस, एवढंच. नुसता मजकूर. जो हस्तपत्रक जुळवू शकतो तो हे करू शकतो.

२०१६ला जिओ आलं आणि गावोगावच्या हौशी नाट्यमंडळांनी आपले प्रयोग यूट्यूबवर टाकायला घेतले. आवाज फाटलेला, ध्वनिक्षेपकात मागे कुत्री भुंकणारी. त्यांना शब्द खाली हवे होते. पहिलं काम मी एका नारळाच्या बदल्यात केलं, खरंच नारळ दिला. मग लघुपटवाली पोरं आली, मग इंग्रजी उपशीर्षकं मागणारे आले. सगळे एकच सांगतात, "बर्न करून द्या." म्हणजे शब्द चित्रातच भाजून टाका. मला म्हापशाचा फोन आठवतो. बर्न करून देते, पण एसआरटी वेगळी, त्यांच्या हातात ठेवते, आणि एक प्रत माझ्याकडे. मूळ फाइल हरवायची सवय गेली.

२०१८च्या मार्चात खाणी पुन्हा थांबल्या तेव्हा आमच्याकडे बिलबुकांचं काम फारसं उरलंच नव्हतं. आज दुकानात तिघं आहोत, सत्तरी तालुक्यातला एक मुलगा आणि एक मुलगी माझ्या हाताखाली. मुलांना मी काम देण्याआधी एकच गोष्ट शिकवते, अडलं तर काय केलं, काय हवं होतं, काय झालं ते लिहून आण. तरी निम्मं उत्पन्न अजून फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं आहे. ते लपवून काय करायचं.

२०२०च्या टाळेबंदीत जत्रा नाहीत, लग्नं नाहीत. माळ्यावर बाबांनी प्रत्येक हस्तपत्रकाची एक प्रत सुतळीने बांधून ठेवली होती, ते गठ्ठे मी खाली काढले. स्कॅन केले असते तर दोन दिवसांत झालं असतं, पण स्कॅन म्हणजे पुन्हा कर्व्जच. आम्ही ती टाइप करून नेटवर टाकायला घेतली. नाटकाचं नाव, गाव, पात्रं, कोण कुठल्या भूमिकेत. वास्कोहून एका बाईंनी वडिलांचं नाव घालून शोधलं आणि ते सलग तीन वर्षं सुभद्रा झाल्याचं त्यांना कळलं. त्यांना घरी कुणी सांगितलं नव्हतं.

टाइप करताना एक हस्तपत्रक अडलं. त्या मंडळाच्या इतर सगळ्या वर्षांवर 'वार्षिक जत्रोत्सव', या एकावर 'वार्षिक जत्रा'. शोधायला एकसारखं असलेलं बरं, म्हणून मी बाबांना विचारलं, दुरुस्त करू का?

त्यांनी चष्मा लावला, हस्तपत्रक उजेडात धरलं. "राहू दे तसंच," म्हणाले. "त संपला होता."