बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय: ‘सागर पवन’च्या चाहत्यांसाठी

हवाई दलाचं कसरतींचं पथक ‘सूर्यकिरण’ सगळ्यांना माहीत असतं, पण नौदलाचंही हवाई कसरतींचं पथक होतं आणि ते गोव्यातलं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ‘सागर पवन’ २००३ साली दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर उभं राहिलं. गडद निळी किरण मार्क २ ही प्रशिक्षण जेट विमानं, रचना चारांची. ३ मार्च २०१० रोजी हैदराबादच्या प्रदर्शनात त्यातलं एक विमान वस्तीवर कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले आणि पथक बंद झालं. तळावर बाहेरच्यांना प्रवेश नाही. त्यामुळे या विषयासाठी गोव्यात जायचं ते बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात. १९९८ पासून ते खुलं आहे.

आधी पोहोचण्याचं. विमानाचं तिकीट काढताना कोड बघा: दाबोळी म्हणजे जीओआय, मोपा म्हणजे जीओएक्स. दाबोळीला उतरलात तर संग्रहालय हाकेच्या अंतरावर. मोपाला उतरलात तर अख्खा उत्तर गोवा ओलांडून, झुआरी पूल पार करून यावं लागतं. भाडं आणि अर्धा दिवस दोन्ही जातात. रेल्वेने येणाऱ्यांनी वास्को किंवा मडगाव धरावं. पणजीहून कदंब या सरकारी बससेवेची वास्को शटल घ्या, पुढे रिक्षा. बोगमाळोच्या बसवर विसंबू नका, आणि टॅक्सी केलीत तर परतीचं तिथेच ठरवून ठेवा. गोव्यात ओला-उबर नाही. भाड्याची स्कूटर घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात देणारे भेटतात, पण पोलिसांनी अडवलं की दंड तुमच्या माथी.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. शनिवार-रविवारला जोडून सोमवार घेणाऱ्यांची फेरी हमखास इथेच फुकट जाते. विमानं उघड्यावर आहेत, सावली बेताची. दुपारी पत्रा इतका तापतो की जवळ उभं राहवत नाही. सकाळी उघडताच आधी बाहेरचं बघा, ऊन चढलं की आतल्या दालनात शिरा. पावसाळ्यात उलट, उघडीप मिळेल तशी.

आता खरं काम. पहिल्यांदा व्हॅम्पायर टी ५५ हे जुनं प्रशिक्षण जेट गाठा. दोन शेपटीदांड्यांचं, पुढचा भाग प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचा. त्यात दोन खुर्च्या शेजारी-शेजारी आहेत. किरण याच प्रशिक्षण विमानाची जागा घ्यायला बनलं आणि त्यातही बैठक अशीच. एकटा वैमानिक डाव्या खुर्चीत बसतो. म्हणजे तो म्होरक्याच्या, रचनेतल्या सर्वांत पुढच्या विमानाच्या, डावीकडे असेल, तर रिकाम्या खुर्चीवरून पलीकडे बघत उडायचं. आज सूर्यकिरण वापरतं त्या हॉकमध्ये खुर्च्या एकामागे एक, दोन्हीकडे मोकळी नजर.

मग पंख पसरलेलं कुठलंही विमान निवडा आणि त्याच्या मागे, तिरकं, थोडं अंतर ठेवून उभे राहा. पंखाचं टोक आणि कॉकपिटची चौकट एका रेषेत आणा. एक पाऊल पुढे टाका; रेषा मोडली. म्होरक्याच्या बाजूला उडणारा वैमानिक समोर बघतच नाही, तो ही रेषा सांभाळतो. रेषा सरकली की थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, किंचित मागे-पुढे. जेट इंजिन लगेच उसळत नाही, वेग घ्यायला वेळ लागतो, म्हणून अंतर पडायच्या आत हात हलावा लागतो. उशिरा दिलेला जोर मग जास्त होतो, विमान पुढे घुसतं, तो परत ओढतो, आणि खालून बघणाऱ्याला रचना ‘श्वास घेताना’, म्हणजे फाकताना-आकसताना, दिसते. वळणावर हे आणखी वाढतं: बाहेरच्याचा पल्ला लांब, त्याला जोर जास्त हवा, आतल्याला कमी. चौथा, थेट म्होरक्याच्या मागचा, थोडा खाली उडतो, नाहीतर पुढच्याच्या झोतात विमान हादरतं.

सी हॉक या जुन्या नौदल जेटपाशी (वरचं हॉक वेगळं) पंखांच्या मुळाशी वाका: इंजिन एक, पण झोत दोन बाजूंनी बाहेर पडतो. सी हॅरियरच्या, इंजिनाचा झोत वळवणाऱ्या, चार फिरत्या नळ्या तर बघायलाच हव्यात. ती विमानं ११ मे २०१६ रोजी हंसावरूनच निवृत्त झाली. तीन उभ्या शेपट्यांच्या सुपर कॉन्स्टेलेशनला गर्दी फार, पण कसरतींच्या दृष्टीने तिथे रेंगाळायचं कारण नाही. अलिझे या पाणबुडीविरोधी विमानाच्या पंखांवरच्या फुगीर कोशांकडे मात्र लक्ष द्या: मागे चाकं शिरतात, पुढे पाणबुड्या हुडकणारे सोनोबॉय ठेवत.

कॅमेऱ्याचे नियम तिकिटाच्या खिडकीवरच विचारा. आवारात परवानगी मिळाली म्हणून ती विमानतळाला लागू होत नाही. दाबोळी लष्करी धावपट्टी आहे. कुंपणापाशी उभं राहून मिग-२९के या नौदलाच्या लढाऊ विमानांचे फोटो काढायला जाऊ नका, कॅमेरा जप्त होऊ शकतो. समुद्रावर गेलात आणि मिग वरून गेलंच, तर नुसतं मान वर करून बघा.