पाठवून बसलो

दुपारी दोनच्या सुमाराला, जेवण झाल्यावर कॉटवर आडवा होऊन मी पेपर तोंडावर घेणार, एवढ्यात फोन टुणकन वाजला. ओहायोतल्या पुतण्याचा मेसेज. तो इंग्रजीत लिहितो, मी मराठीत उत्तर देतो, असा आमचा गेल्या अकरा वर्षांचा अलिखित करार आहे. लिहिलं होतं, 'हॅड टु पुट बंडू डाउन यस्टरडे.'

बंडू म्हणजे त्याचा कुत्रा. पिवळसर लॅब्रॅडॉर. व्हिडिओ कॉलवर पुतण्या सोफ्यावर टेकला रे टेकला की हे धूड निम्मं त्याच्या मांडीवर आणि निम्मं सोफ्यावर. मी दर वेळी सांगायचो, अरे, पाय बधिर होतील, उतरव त्याला. म्हटलं, ऐकलं एकदाचं पोरानं. चष्मा शोधायचाही कंटाळा करून मी बोटानं टाइप केलं, 'बरं केलंस. फार जड झालाय तो. कंबर सांभाळ.' आणि झोपलो. झोपही छान लागली.

चारला मुलगी चहा घेऊन आली. सवयीनं तिनं माझा फोन हातात घेतला आणि तिचा चेहराच उतरला.

"बाबा, हे काय लिहून ठेवलंत?"

"का? काय झालं?"

"अहो, पुट डाउन म्हणजे... बंडू गेला. डॉक्टरकडे नेऊन इंजेक्शन दिलं त्याला."

मेसेजखाली दोन निळ्या खुणा दिसत होत्या. म्हणजे पोरानं वाचलं होतं. फार जड झालाय तो. कंबर सांभाळ. आता पुसण्यात काही अर्थ नव्हता. लगेच फोन करावा, तर तिकडे सकाळचे साडेसहा. मग लक्षात आलं, त्याचा मेसेज आला तेव्हा तिथे पहाटेचे साडेचार वाजले असणार. पहाटे साडेचारला माणूस कुत्र्याला मांडीवरून उतरवल्याची बातमी काकाला कशाला कळवील? पण हा प्रश्न मला दोन वाजता पडला नाही. तिकडे जरा ऊन वर येऊ दे म्हणून मी थांबलो आणि चहा गार होऊ दिला.

इंग्रजीशी माझी गाठ पाचवीत पडली. मराठी शाळेत तेव्हा ती पाचवीतच पडायची. पहिलीपासून इंग्रजी यायला 2000 साल उजाडावं लागलं. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि सरांनी पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं, की वर्गात यायचं तर दाराशी थांबून इंग्रजीत परवानगी मागायची. आम्ही ती एका दमात मागायचो. मेआयकमिन्सर. हा एकच शब्द आहे आणि तो उंबऱ्यावर म्हणायचा असतो, एवढंच आम्हाला ठाऊक. बाहेर पाऊस, दप्तरावर घोंगता, आणि दारात एकेक मेआयकमिन्सर. एक दिवस माझ्या शेजारी बसणाऱ्यानं हात वर करून विचारलं, "सर, मे तर संपला. आता जून आय कमिन म्हणायचं का?"

सर हसले नाहीत. खडू खाली ठेवून विचारात पडले. मग म्हणाले, "येऊ का, असं म्हणतोस ना? त्यातला जो 'का' आहे, तो मे."

यापेक्षा चांगला अर्थ मला पुढे कुठल्याही व्याकरणात सापडला नाही. याच सरांनी 'मस्ट' म्हणजे आपला 'च', असंही सांगितलं होतं. यू मस्ट गो, तू गेलंच पाहिजे. एवढ्या भांडवलावर आम्ही दोन वर्षं निभावली. मग कुठल्याशा धड्यात 'ही मस्ट बी हंग्री' आलं आणि साऱ्या वर्गानं एकमतानं भाषांतर केलं, 'तो भुकेला असलाच पाहिजे.' बिचाऱ्यावर उपाशी राहायची सक्ती! सरांनीही त्यावर बरोबरची खूण केली. त्याला भूक लागली असणार, एवढंच त्या वाक्याला म्हणायचं होतं. पण भाषांतर म्हटलं की आपण बोलतो ती मराठी विसरून जायची, असा तेव्हा रिवाज होता. अजूनही असावा. (असलाच पाहिजे.)

नववीत फ्रेझल व्हर्ब आले. फुलस्केप वहीत उभी रेघ मारून डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी. पुट ऑन, घालणे. पुट ऑफ, पुढे ढकलणे. पुट अप विथ, सहन करणे. पुट आउट, विझवणे. आता सदरा अंगात घालणं जर पुट ऑन, तर तो काढणं पुट ऑफ, हे कुठल्याही शहाण्या मुलाला सुचेल. मला सुचलं. मी लिहिलं, 'त्यानं सदरा पुट ऑफ केला आणि तो झोपला.' सरांनी वही वर्गासमोर धरून विचारलं, "सदरा पुढे ढकलला? कोणत्या तारखेला?"

त्या वहीत 'पुट डाउन'ही होतं. शाईसकट आठवतं. लिहून ठेवणे. बंड मोडणे. बंडूचं त्यात काही नव्हतं.

या बाबतीत मला आधार वाटतो तो एका इंग्रजाचाच. सॅम्युअल जॉन्सननं 1755 साली आपला मोठा कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेत त्यानं हे स्वच्छ कबूल केलंय, की आम्ही क्रियापदाच्या शेपटाला एक बारका शब्द जोडतो आणि त्याचा अर्थ पार बदलून टाकतो, आणि परक्या माणसांना सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. काही अर्थ तर कुठल्याही नियमात बसत नाहीत, हेही त्यानं लपवलेलं नाही. गंमत म्हणजे फ्रेझल व्हर्ब हे नाव तेव्हा नव्हतं. ते छापून रूढ झालं 1925 साली, लोगन पीअरसॉल स्मिथ या लेखकामुळे. म्हणजे दुखणं जुनं, बारसं उशिरा. आणि ऑक्सफर्डच्या वीस खंडांच्या कोशात, 1989च्या आवृत्तीत, एकट्या 'सेट' या क्रियापदाचे 430 अर्थ दिलेत. ज्यांच्या घरातल्या एका शब्दाला एवढ्या खोल्या, त्यांच्याकडे पाहुणा चुकणारच.

पण इंग्रजांनाच कशाला बोलायचं? आमच्या बँकेत, मी सांगलीकडच्या एका शाखेत असताना, मदुराईहून बदली होऊन एक सहकारी आला. हुशार माणूस. चार महिन्यांत मराठी पेपर वाचायला लागला. एका शनिवारी दुपारी तो मॅनेजरच्या केबिनच्या दारात उभा राहिला आणि हसतमुखानं म्हणाला, "साहेब, सगळी व्हाउचरं मी पास करून बसलो!"

मॅनेजर खुर्चीतून उठले. दोन क्लार्क धावत आले. कुणाचं व्हाउचर, केवढ्याचं, सही कुणाची बघितलीस? तो भांबावून सगळ्यांकडे पाहत राहिला. त्यानं बापड्यानं काम पूर्ण केलं होतं आणि खरोखरच खुर्चीवर बसला होता. 'करून बसलो' म्हणजे घोळ घातला, आता निस्तरा, हे त्याला सांगायला माझी अर्धी संध्याकाळ गेली. त्याचीही एक वही होती, उभी रेघ मारलेली. त्यात त्यानं लिहिलं होतं : करून टाक, म्हणजे एकदाचा मोकळा हो. करून ठेव, म्हणजे पुढे लागेल. करून बघ, म्हणजे प्रयोग, किंवा धमकी. तोंड पाहून ठरवावं. तो मला विचारायचा, "बोलून बसलो म्हणणारा माणूस उभा का असतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जन्मभर मी ही क्रियापदं वापरत आलो, पण त्यांच्याकडे वळून बघायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

त्याची घरमालकीण त्याला रोज रात्री म्हणायची, "जेवून घ्या." पहिल्या दिवशी तो जेवला आणि डबा मिळेल म्हणून ताटावर थांबून राहिला. घ्या म्हणाल्या ना! मी सांगितलं, अरे, यातलं 'घे' म्हणजे नेण्याचं नाही. त्याचा अर्थ असा, की... आणि अडकलो. आई म्हणायची, खाऊन घे, झोपून घे, रडून घे. बाकीचं जग नंतर बघू, आधी तुझं तू पदरात पाडून घे. आता या खुलाशातही शेवटी घेच आला. त्यानं वहीत काय लिहिलं, कुणास ठाऊक.

बँकेतल्या कागदांवर तर या बारक्या शब्दांचंच राज्य. कर्जाच्या करारात बँकेच्या वाट्याला नेहमी 'मे' आणि कर्जदाराच्या वाट्याला 'शॅल'. बँकेला करता येईल, कर्जदार करील. पस्तीस वर्षांत हे उलटं छापलेला कागद माझ्या नजरेला पडला नाही. आणि 'राइट ऑफ'! पेपरात 'निर्लेखित' असं छापून येतं, ते वाचून एक म्हातारा शेतकरी माझ्या टेबलाशी आला, "साहेब, पुसलं न्हवं माझं?" त्याला सांगताना जीभ जड झाली, की आजोबा, पुसलंय ते आमच्या ताळेबंदातून, तुमच्या डोक्यावरून नाही. वसुली चालूच राहते. तो थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मग पुसलं कुणाचं?" मी पासबुक भरून दिलं.

कुठे होतो? बंडू.

खरं तर चूक 'पुट डाउन'ची नाहीच. ती माफ करता येईल. मी 'हॅड टु' वाचलं नाही. वाक्याचं पहिलंच पाऊल, आणि मी त्यावरून उडी मारून पुढे गेलो. मांडीवरचा कुत्रा खाली ठेवायला 'हॅड टु' कशाला लागतं? तिथेच थांबायला हवं होतं. त्या दोन शब्दांत पोरगं सांगत होतं, की आपल्या मनात नव्हतं. करावं लागलं. आपल्याकडे तर हे 'लागणं' काय काय करतं. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेड लागतं, आग लागते. त्याच रांगेत जावंही लागतं आणि करावंही लागतं. ठेच लागल्यासारखंच. हे सगळं मला फुकटात, जन्मापासून येतं. आणि तरी मी लिहिलं, बरं केलंस.

वाईट याचं वाटलं, की वाक्य तसं बिनचूक होतं. एक 'बरं केलंस' तर दोन्हीकडे चाललं असतं. पुढची दोन वाक्यं मात्र मी पाठवून बसलो होतो.

साडेसहाला फोन लावला. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं.

"काका, बोला." आवाज बसलेला.

"अरे, मला ते कळलंच नाही. मला वाटलं..."

"ताईनं सांगितलं मला. मेसेज आला तिचा."

मग दोघंही गप्प. इतक्या लांबून गप्प बसलं, की लाइन तुटली का असं वाटत राहतं. हॅलो म्हणणार एवढ्यात तोच बोलला.

"जड झाला होताच तो, काका. मागचे पायच चालेनात. गाडीतून मीच उचलून आत नेला. बत्तीस किलो. टेबलावर ठेवला मी."

"कंबर?" मी विचारलं. तोंडातून गेलंच.

"दुखतेय." तो थोडासा हसला बहुतेक. किंवा नाकच ओढलं असेल. फोनवर कळत नाही.

"काल काही खाल्लंस का?"

"नाही."

"जेवून घे रे," मी म्हटलं. तिकडे सकाळचे नऊ वाजले होते.