नवीन भोक पाडायचं नाही

ट्रकला ट्रेलर जोडायचा होता आणि बाबांची अट एकच होती. चॅसीला, म्हणजे ट्रकच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, नवीन भोक पाडायचं नाही. बाकी तुला काय घोळ घालायचा तो घाल.

आमचा ट्रक डॉज एम-३७. १९५१ ते १९६८ या काळात अमेरिकी लष्करासाठी बनलेला, पाऊण टनी, चारही चाकांना जोर असलेला. डॅशवरची पट्टी इतकी झिजलीय की बनावटीचं साल वाचता येत नाही, त्यामुळे बाबा मोठे की ट्रक मोठा, यावर घरात एकमत नाही.

झालं असं, की जादाचं इंजिन आणि हत्यारांच्या पेट्या न्यायला दोन चाकी ट्रेलर घेतला. त्याच्या नाकावर मोटारीला असते तसली, ५० मिमीच्या बॉलवर बसणारी वाटी. आणि ट्रकच्या मागे? आधीच्या मालकाने मूळ पिंटल हूक, म्हणजे ट्रेलर अडकवायचा जबड्यासारखा आकडा, काढून टाकला होता आणि दोन्ही बंपरेटच्या, म्हणजे मागच्या कोपऱ्यांतल्या छोट्या बंपरांच्या मध्ये एक जाड पट्टी वेल्ड करून तिच्यावर बॉल ठोकला होता. पट्टी दणदणीत दिसत होती. मी म्हटलं, चला, काम झालंच आहे.

बाबांनी खाली वाकून एकदा बघितलं आणि ग्राइंडर माझ्या हातात दिला.

त्यांचं बरोबर होतं. बंपरेट मागून बसणारा धक्का खायला असतात. ट्रेलर मात्र सतत ओढतो, खड्ड्यात वर-खाली हिसके देतो, आणि तो सगळा मार अशा बोल्टांवर येतो ज्यांच्या नशिबी तो कधी लिहिलेलाच नव्हता. वेल्ड घासून काढल्यावर उजव्या बंपरेटवर, अगदी वेल्डच्या कडेने, केसाएवढी चीर निघाली. रंगाखाली निवांत लपून बसली होती.

मग जुना पिंटल शोधला. मिळाला तो गंजून मुठीसारखा मिटलेला. तीन दिवस डिझेल आणि तेलात बुडवून ठेवला, रोज संध्याकाळी लाकडी हातोड्याने थापट्या मारल्या, चौथ्या दिवशी जबडा उघडला. उघडला तेव्हा मीच ओरडले. बाबा नुसते हसले.

ज्यांनी पिंटल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. खालचा जबडा म्हणजे आकडा, वरचा त्याच्यावर मिटतो, आणि खटका उघडू नये म्हणून आडवी पिन. या तोंडात ट्रेलरचं कडं बसतं. हूकचा दांडा मागच्या क्रॉसमेंबरमधून, म्हणजे चॅसीच्या आडव्या पट्टीतून, आरपार जातो आणि आतून कॅसल नट (खाचा असलेला नट) आणि त्या खाचेत बसणारी कॉटर पिन लावून अडवलेला असतो. खरी गंमत अशी, की अख्खा हूक त्या दांड्याभोवती फिरतो. ट्रक एका कुशीवर आणि ट्रेलर दुसऱ्या कुशीवर कलला तरी चॅसीला पीळ बसत नाही.

हे वाचून माहीत होतं, तरी मी तो नट लांब पाना लावून कचकचून आवळला. हात तसे वळलेले, काय करणार. हूक जागचा हलेना. "अगं, हा बोल्ट नाही, सांधा आहे," म्हणत बाबांनी नट सैल केला, पिनचं भोक जुळवलं, ग्रीस भरलं आणि हूक एका बोटाने फिरवून दाखवला. हूकच्या ब्रॅकेटचे बोल्ट मात्र मी खरंच आवळले. जुन्या बोल्टांच्या डोक्यावर एकही खूण नव्हती. ते फेकून जास्त ताकदीचे, ग्रेड ८ चे घातले, डोक्यावर सहा रेघा असतात ते. सगळे जुन्याच भोकांत.

आता बॉलची वाटी पिंटलमध्ये कशी बसणार? ट्रकला हात लावायचा नाही म्हटल्यावर कापायचं कुणाला, तर ट्रेलरला. वाटी काढली आणि नाकावर उभं चॅनल बसवून त्याला तीन इंची, म्हणजे ७६ मिमी आतल्या व्यासाचं कडं बोल्ट केलं. चॅनलला एकाखाली एक सहा भोकं, म्हणजे उंची बदलता येते. बाबांनी ती सहा भोकं मोजली आणि काही बोलले नाहीत. त्यांचाच उपयोग झाला, कारण माप मी रिकाम्या ट्रकवर घेतलं होतं. ट्रकवर माल चढला, स्प्रिंगचे पाटे दबले आणि ट्रेलर नाक खुपसून उभा राहिला. दहा मिनिटांत कडं एक भोक खाली घेतलं. उलट चूक झाली असती, नाक वर राहिलं असतं, तर जास्त वाईट. तेव्हा हूकवरचा भार हलका होतो आणि ट्रेलर मागे शेपूट हलवायला लागतो.

ट्रकला ट्रेलर बांधून ठेवणाऱ्या सुरक्षा साखळ्या ट्रेलरच्या ओढदांडीखालून एकमेकींना ओलांडून लावल्या. कडं कधी निसटलंच, तर दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी त्या झोळीत पडावी.

दिव्यांवरून मात्र आमचं वाजलं. ट्रक २४ व्होल्टचा, म्हणजे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या; ट्रेलर १२ चा. बाबा म्हणाले, दोनपैकी एका बॅटरीवरून तार घे. मी म्हटलं, मग ती बॅटरी कायम उपाशी राहणार आणि दुसरी अति चार्ज होऊन आधी मरणार. शेवटी ट्रेलरचे बल्बच २४ व्होल्टचे घातले. कडं लावल्यामुळे तो मोटारीमागे जाण्यातला राहिला नव्हताच.

तरीही ब्रेकचे दिवे लागेनात. अर्धा तास अर्थिंग तपासलं, सॉकेट घासलं, तारा उलट्यापालट्या केल्या. मग बाबा सावकाश केबिनमध्ये चढले आणि दिव्यांचा खटका 'स्टॉप लाइट'वर फिरवला. या लष्करी गाड्यांत खटका बंद असला तर ब्रेकचे दिवे लागतच नाहीत. अंधारात लपून चालवायची गाडी ती. हे मला माहीत होतं. बाबांना मी हेच सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकल्यासारखं केलं.

पिंटलमध्ये कडं थोडं ढिलं असतं, त्यामुळे प्रत्येक गिअरला मागून 'ठण्ण' होतं. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत, म्हणून माल बेतानेच भरतो आणि पुढच्या गाडीपासून लांब राहतो.

बॉलची ती पट्टी अजून भिंतीला टेकून उभी आहे. भंगारात देऊ म्हटलं तर बाबा म्हणतात, राहू दे, लोखंड चांगलं आहे.